विहीणबाईंचा गालिचा

बदलापूर गाव
८ मार्च २०२५

शालनताई,

फोन तुम्ही उचलत नाही. आधी वाटलं कामात असाल. मग कल्पेश म्हणाला, "आई, त्यांनी तुझा नंबर ब्लॉक केलाय." बरं केलंत. कागद काही ब्लॉक होत नाही. माझा मुलगा दर रविवारी आपल्या बायको-लेकीला भेटायला शहाडला तुमच्या दारात येतो, त्याच्याच हाती देतेय, डब्याच्या पिशवीतून. तांदळाच्या भाकऱ्या राजसीला, सुकट तुम्हाला. वाचायचं नसेल तर कागद फेका, सुकट फेकू नका. तिनं तुमचं काही वाईट केलेलं नाही.

तर हो. दिला मी तुमचा गालिचा आमच्या भावकीतल्या समर्थच्या हळदीला. दिला म्हणजे दिला. पण कसा दिला ते एकदा ऐकून घ्या.

आमच्या वास्तुशांतीला तुम्ही तो लाल गुलाबांचा गालिचा आणलात, उल्हासनगरच्या मार्केटात फिरून स्वतः निवडून. मी बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना बोलावून दाखवला. खोटं वाटत असेल तर राजसीला विचारा. मग आपली इरा रांगायला लागली आणि खोकायला लागली. रात्रंदिवस खोकला. डॉक्टर म्हणाले, गालिच्याची लव सुटते, ती पोरीच्या नाकातोंडात जाते, आधी तो उचला. आमचा कल्पेश तर तेवढ्यासाठीच टपलेला. अंबरनाथच्या एमआयडीसीत सांडपाणी तपासायची नोकरी लागल्यापासून त्याला जगात प्लास्टिकशिवाय काही दिसतच नाही. त्यानं गालिचा गुंडाळून बाल्कनीत उभा केला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही. तिथंच माझं चुकलं म्हणता? मग काय फोन करून सांगायला हवं होतं, की तुमच्या गालिच्यानं पोर खोकतेय?

आणि हळदीच्या दिवशी आमचे शंकरभाऊजी धावत आले. मांडववाल्याचा कार्पेट फाटका निघाला होता, समर्थचा पाट ठेवायला जागा नाही. "वयनी, आपलाच पोर हाय ना गो? दे ना तो बाल्कनीतला." भावकीत मागितलेल्या वस्तूला नाही म्हणायची सोय नसते, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुम्हीपण आगऱ्यांच्याच. मला काय माहीत, पाटाखाली घालतो म्हणून नेलेला गालिचा ही माणसं डीजेपुढं अंथरतील! तुम्ही नटूनथटून मांडवात पाऊल टाकलंत आणि तुमच्या गुलाबांवर अख्खं गाव हळद तुडवत नाचतंय. तुम्ही न जेवता परत फिरलात, ते मी बघितलं. मागून हाका मारल्या, पण त्या डीजेत कुणाला ऐकू येणार?

दुसऱ्या दिवशी तुम्ही राजसीला आणि इराला घेऊन गेलात. राजसी जाताना म्हणाली, "आई, त्या गुळगुळीत फरशीवर हिचं डोकं आपटून टेंगूळ आलंय. हॉलमध्ये काहीतरी मऊ अंथरा, आणि प्लास्टिकचं नको. मग येते." तिचं बोलणं कळलं. पण खरं कारण मांडवातलं, हेही कळलं. लेक आईच्या बाजूनं उभी राहिली. राहू दे.

मला एवढंच म्हणायचंय. कल्पेश सांगत होता, इरा आता धरून उभी राहते. आमच्या घरात मूल पहिलं पाऊल टाकतं तेव्हा आजी त्याच्या पायात चांदीचे वाळे घालते. कल्पेशला माझ्या सासूबाईंनी घातले. तेच वाळे मी घासूनपुसून काढून ठेवलेत. नात पहिलं पाऊल माझ्या घरात टाकणार की नाही, तेवढं सांगा. बाकी मला काही फरक पडत नाही.

वेणू


१५ मार्च २०२५

शालनताई,

उत्तर नाही, पण सुकटीचा डबा रिकामा आला. समजले मी.

परवा उल्हासनगरला गेले होते. बाई बाई बाई, काय तो वैताग! एक साधी मऊ, बिनप्लास्टिकची वस्तू मागितली, तर जसं काही दुकानदाराची किडनी मागितली. पहिल्याच दुकानात शेठ म्हणाला, "दीदी, ये देखो, प्युअर ज्यूट. एकदम नॅचरल." वरून ताग होता खरा. उलटून बघितलं तर खाली पांढरं रबर थापलेलं, नखानं खरवडलं तर पिठासारखं झडलं. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "वो तो सिर्फ पीछे है ना!" पीछे है म्हणजे काय? पोर त्याच्यावरच रांगणार ना, की हवेत रांगणार?

कल्पेशनं मला एक युक्ती शिकवलीय. दोरा उपसायचा आणि काडी लावायची. कापूस असला तर कागदासारखा जळतो आणि राख बोटात विरून जाते. लोकर असली तर केस जळल्याचा वास येतो. आणि प्लास्टिक असलं की दोरा आक्रसतो, काळा धूर येतो, टोकाला टणक मणी होतो. म्हणून मी पर्समध्ये काडेपेटीच घेऊन निघाले होते. दुसऱ्या दुकानात "कॉटन, कॉटन" म्हणून गळ्यात मारत होता. मी दोरा काढला, काडी ओढली. शेठ गादीवरून उडीच मारून आला, "अरे माई, दुकान जला डालोगी क्या!" दुकान नाही जळलं. मणी मात्र झाला. त्याच्या हातावर ठेवला आणि बाहेर पडले. पुढच्या दुकानात मी शिरायच्या आधीच पोऱ्या ओरडला, "सेठ, वो माचिसवाली आंटी आयी!" एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत माझी ही कीर्ती कशी पोचली, देव जाणे.

एकानं मोठ्या थाटात दाखवला, "इको फ्रेंडली". हिरवं पान छापलेलं लेबल. पाण्याच्या जुन्या बाटल्या वितळवून केलाय म्हणे. मला बरा वाटला. टाकाऊतून टिकाऊ, वाईट काय? कल्पेशला फोटो पाठवला तर फोनवरच सुरू झाला. बाटलीचा गालिचा झाला म्हणून तो कापूस होत नाही, लव त्याचीही सुटते, झाडली की हवेत, धुतली की नाल्यात, नाल्यातून नदीत. मी म्हटलं, "बाबा, मला नदी नाही रांगवायची, नात रांगवायचीय." तर म्हणतो, "आई, ती नदीचंच पाणी पिते." ह्या मुलाशी बोलून मी कधी जिंकलेय?

हात हलवत परत आले. पाय सुजलेत. सुजू देत.

वेणू


२९ मार्च २०२५

शालनताई,

उद्या पाडवा. पुरणपोळ्या पाठवतेय. इराला तूप घालून कुस्करून द्या, आणि तुम्हीही खा.

कल्पेश म्हणाला, तुम्ही विचारलंत, "एवढ्या दिवसांत एक सतरंजी मिळेना का तुझ्या आईला?" ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. मिळेना! या ना तुम्ही माझ्याबरोबर, बघा मिळते का! सतरंज्या म्हणून विकतात त्यांत अर्ध्याहून जास्त प्लास्टिकचा धागा, आणि ज्या खऱ्या सुती त्या धोतरासारख्या पातळ. त्यांच्यावरून पोर पडली तर फरशीवर पडल्यासारखंच. लोकरीची घोंगडी आणली, तिच्यावर मीच बसले तर तासभर अंग खाजवत होते. मोबाइलवरून एक मागवली, "ऑरगॅनिक" लिहिलेली. खाली रबराचे ठिपके! घसरू नये म्हणून म्हणे. वर ती तीन पिशव्यांत गुंडाळून आलेली. कल्पेशनं पिशव्या मोजल्या आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही त्या मीच शिवल्यात.

मग काथ्याची चटई आणली. नारळाचा काथ्या, त्यात खोट काढायला जागा नाही. म्हटलं, पोरीला ठेवायच्या आधी आपण करून बघू. दार लावलं, साडी खोचली आणि हॉलच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगले. दोन्ही गुडघे सोलून निघाले. आणि दार नीट लागलंच नव्हतं. समोरची हिमानी कोथिंबीर मागायला आली, ती दारातच उभी. "काकू, काही हरवलं का?" काय सांगू तिला? म्हटलं, हो, हरवलंय.

आमच्या जुन्या घरात सारवलेली जमीन होती. सगळी पोरं तिच्यावर पडली, उठली, कुणाला टेंगूळ आलं नाही. आता बिल्डरनं फ्लॅट दिला, आरशासारखी फरशी दिली. तिच्यात तोंड दिसतं, आणि तेवढंच दिसतं. दिवसभर माझंच तोंड बघून कंटाळलेय. पहिल्या कागदात म्हटलं होतं ना की मला फरक पडत नाही? पडतो. घर खायला उठतं. इराची ती लाकडी गाडी मी अजून दिवाणाखालून काढलेली नाही.

आणि एक विचारायचं होतं. राजसी आधी इराचे व्हिडिओ पाठवायची, रांगताना, उभी राहताना. हल्ली नुसते फोटो येतात, सगळे मांडीवर बसवलेले. तुम्ही सांगितलंत का तिला, त्या बाईला दाखवू नको म्हणून? इतका राग?

वेणू


१२ एप्रिल २०२५

शालनताई,

आज मला भयंकर संताप आलाय. पण बातमी चांगली आहे. आधी संताप सांगते.

गावदेवीच्या जत्रेची साफसफाई चाललीय. मी देवळात झाडायला गेले होते. शंकरभाऊजी माळ्यावरून सामान खाली देत होते. मोठे टोप, पराती, समया, आणि त्यांच्यामागं गुंडाळ्या. जाडजूड, निळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या. तुम्हाला आठवत असतील. मांडववाले यायच्या आधी प्रत्येक गावकीच्या असायच्या, लग्नाला सगळ्यांनी त्यावरच बसायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच सतरंजीवर बसून जेवले होते. मांडववाला हिरवा कार्पेट घेऊन आला आणि ह्या गेल्या माळ्यावर.

मी पर्स उघडली. दोरा उपसला, काडी ओढली. भाऊजी वरून ओरडले, "वयनी, देऊळ पेटवतंस का काय?" राख झाली. करडी, मऊ, बोटावर घेतली तर नाहीशी. अस्सल कापूस, आणि बोटभर जाड!

मग संताप आला. म्हटलं, "भाऊजी, इतक्या सतरंज्या इथं डोक्यावर पडलेल्या, आणि समर्थच्या पाटाखाली घालायला तुम्हाला माझ्या विहिणीचा गालिचा लागला?" तर डोकं खाजवत म्हणतात, "ध्यानातच नाय आला गो." ध्यानात नाही आलं! ह्यांच्या ध्यानात नाही आलं म्हणून माझी सून गेली, नात गेली, विहिणीनं तोंड फिरवलं, माझे गुडघे सोलले आणि उल्हासनगरात माझं नाव माचिसवाली पडलं! देवीसमोर इतकी बोलले की पुजारी घंटा वाजवायचा थांबला.

सतरंजी न्यायला निघाले तर म्हणे, गावकीची वस्तू आहे, बैठक घ्यावी लागेल. घ्या. त्याशिवाय ह्या गावात पानही हलत नाही.

वेणू


१९ एप्रिल २०२५

शालनताई,

बैठक झाली. अख्खी संध्याकाळ गेली. कुणी म्हणे, एका घराला दिली तर उद्या सगळे मागतील. कुणी म्हणे, इतकी वर्षं उंदरांना दिली तेव्हा बैठक घेतली होती का? हे मी म्हटलं. शेवटी म्हातारे प्रमोदकाका म्हणाले, वेणूनं हळदीला गावकीची अडचण भागवली, आता गावकीनं तिची भागवावी. पण फुकट नको, वस्तूच्या बदली वस्तू. सतरंजी मी न्यायची, आणि माझ्याकडून गावकीला अंथरायला काहीतरी द्यायचं.

माझ्याकडं अंथरायला आहे काय? एकच वस्तू. तुमचा गालिचा. मी तो धुऊन आणलाय, पण हळद गेलेली नाही. मधले गुलाब पिवळेच राहिलेत. कल्पेशला विचारलं. त्याचं म्हणणं, एकदा तयार झालेला फेकून देण्यापेक्षा वापरलेला बरा, बंद घरात पोरीच्या नाकाशी नको, उघड्या मांडवात चालेल. पहिल्यांदाच त्या मुलानं एखाद्या गोष्टीला हो म्हटलं.

पण ह्या वेळी तुम्हाला विचारल्याशिवाय मी त्याला हात लावणार नाही. तुम्ही प्रेमानं दिलेला आहे. नको म्हणालात तर तो बाल्कनीतच राहील, आणि मी आणखी हिंडेन. काडेपेट्या काही संपलेल्या नाहीत. एका ओळीत कळवा. पाया पडते, पण कळवा.

वेणू


२६ एप्रिल २०२५

शालनताई,

तुमची चिठ्ठी मिळाली. दोन ओळी, पण मी त्या इतक्यांदा वाचल्या की हिमानीलाही पाठ झाल्या. "गालिचा द्या. फक्त नवरदेवाच्या पाटाखाली अंथरायचा, नाचणाऱ्यांच्या पायाखाली नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घ्या." घेतलं. देवीपुढं नारळ ठेवून शंकरभाऊजींकडून कबूल करून घेतलं. आता ह्या गावातला प्रत्येक नवरदेव हळदीला तुमच्या गुलाबांवर बसणार.

सतरंजी रिठ्याच्या पाण्यात भिजवली, गच्चीवर तुडवली, वाळवली, पुन्हा भिजवली, तेव्हा कुठं उंदरांचा वास गेला. एका काठावर ऑइलपेंटनं गावाचं नाव लिहिलंय. कल्पेश म्हणतो जुना रंग वाईट, पोरीच्या तोंडात जाईल. गावकी म्हणते नाव कापायचं नाही. माझं डोकं उठलं. शेवटी तो काठ दुमडून कपाटाखाली घातला आणि दुसरा दिवाणाच्या पायांखाली, म्हणजे घसरायचीही भीती नाही. मी स्वतः वरून रांगून बघितली. गुडघे शाबूत आहेत. ह्या वेळी दार आठवणीनं लावलं होतं.

अक्षय्य तृतीयेला या. राजसीला आणि इराला घेऊन या. माझ्या नातीनं अजून पाऊल टाकलं नसेल ना? कल्पेशला विचारलं तर म्हणतो, "नाही गं, अजून धरूनच उभी राहते," आणि उठून पाणी प्यायला जातो.

वाट बघतेय.

वेणू


३ मे २०२५

शालनताई,

तुम्ही सगळे आलात, जेवलात, हसलात, राजसी आणि इरा राहिल्या. घर भरलं. हे सगळं तोंडानं सांगता आलं असतं, फोनचा ब्लॉकही तुम्ही काढलाय. पण एक गोष्ट मला फोनवर बोलायला जमणार नाही, म्हणून हा एक शेवटचा कागद.

तुम्ही इराला सतरंजीच्या मधोमध उभं केलंत, हात सोडलेत, आणि ती निघाली. तुम्ही टाळ्या पिटत ओरडलात, "अगंबाई, चालली! वेणूताई, बघा, पोरीनं पहिलं पाऊल टाकलं!" मीही ओरडले. राजसी ओरडली. कल्पेश तर इतका ओरडला की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. मी रडत रडत वाळे घातले. आणि तुमची ती गुणी नात, एवढी माझी वणवण, एवढी बैठक, एवढा रिठा, सगळं सोडून सतरंजीवरून खाली उतरली. फरशीवर गेली, दिवाणाखाली वाकून आपली लाकडी गाडी काढली, वळली, आणि गाडी काखेत मारून माझ्याकडं चालत आली. एकदाही न डगमगता.

तेव्हा काही सुचलं नाही. तुम्ही गेल्यावर राजसीची पिशवी रिकामी करत होते. तळाशी, दुपट्यात गुंडाळून, इराच्या चपला. त्या शिट्टी वाजणाऱ्या, लाल. उलट्या करून बघितल्या. दोन्ही तळ घासून गुळगुळीत झालेत, एकीची शिट्टीसुद्धा निघालीय.

ज्या पोरीनं नुकतंच पहिलं पाऊल टाकलं, तिच्या चपला झिजत नाहीत हो विहीणबाई.

खरं सांगते, आधी रागच आला. म्हणजे ती तुमच्याकडंच चालली. पाडव्याच्या आधीच चालली असणार, म्हणून ते व्हिडिओ बंद झाले आणि मांडीवरचे फोटो सुरू झाले. आणि मी इकडं तुम्हाला नाही नाही ते लिहीत होते. माझं पोरगं दर रविवारी येऊन बघत होतं आणि घरी येऊन पाणी पीत होतं. गाढव!

मग चपला हातात घेऊन बसले आणि वेगळंच मनात आलं. माझा पहिला कागद तुम्ही वाचला होता. वाळ्यांचं वाचलं होतं. इरा तुमच्या हॉलमध्ये पहिल्यांदा चालली तेव्हा तुम्हालाही टाळ्या पिटायच्या असतील. शेजारणींना हाका मारायच्या असतील. आजी तर तुम्हीपण आहात. तुम्ही तोंडावर पदर दाबून गप्प बसलात. माझ्यावर एवढ्या रागावलेल्या होतात, माझा फोन घेत नव्हतात, आणि तेव्हाच माझ्यासाठी गप्प बसलात. आणि मग माझ्या घरी येऊन, साठवून ठेवल्यासारख्या, सगळ्या टाळ्या वाजवल्यात.

मी कुणाला काही बोलणार नाही. राजसीला नाही, कल्पेशला नाही. आमच्या इरानं पहिलं पाऊल गावकीच्या सतरंजीवर टाकलं, आपल्या दोघींच्या समोर. पुढं कुणी विचारलं तर मी हेच सांगणार, तुम्हीही हेच सांगा.

राजसीनं तुमच्याकडून आणलेली पिशवी कल्पेशच्या हाती परत पाठवतेय. सुकट वरच्या डब्यात आहे. चपला दुपट्यात गुंडाळून तळाशी होत्या, तशाच पुन्हा ठेवल्यात. मला दिसल्या नाहीत.

तुमची,
वेणू